विहिरीच्या पैशांचं भिंग

महागडं भिंग घ्यावं की नाही, असं मला अजूनही कोणी ना कोणी विचारतं. ओळखीत कुणाच्या मुलाला फोटोचा नाद लागतो, तो कॅमेरा घेतो, मग त्याला कळतं की खरा खर्च कॅमेऱ्याचा नसून पुढच्या काचेचा आहे. मग त्याची आई माझ्याकडे येते. मी लग्नाआधी अमरावतीला आणि लग्नानंतर अकोल्याला, मिळून पंधरा-सोळा वर्षं, फोटोच्या काचांवर पेन्सिल चालवून पैसे मिळवले, हे तिला ठाऊक असतं. मी सांगते, साध्या भिंगाने भागतं. लग्न, मुंज, शाळेचा ग्रुप, फॉर्मावर चिकटवायचा चेहरा, सगळ्याला साधं भिंग पुरतं. हे उत्तर व्यवहाराचं आहे आणि ते चूक नाही. पण ते देताना मी त्या बाईच्या तोंडाकडे बघत नाही, हे माझ्याच लक्षात आलेलं आहे.

त्याला कारण एक माणूस आहे. त्यांना सगळे मास्तर म्हणत. पूर्वी ते शाळेत ड्रॉइंग शिकवत. मुलांनी काढलेली वांगी वांग्यांसारखी दिसत नाहीत म्हणून एके दिवशी त्यांनी पूर्ण वर्गाला शून्य मार्क दिले, हेडमास्तरांनी ते वाढवायला सांगितले, आणि मास्तर नोकरी सोडून घरी आले. मग अमरावतीत जवाहर गेटाच्या आत त्यांनी स्टुडिओ काढला. लग्न केलं नाही. बारा महिने धोतर आणि काळा कोट. कोटाच्या उजव्या खिशात भिंग पुसायचा मऊ चामड्याचा तुकडा आणि डाव्या खिशात खारे फुटाणे. ह्या खिशातला हात त्या खिशात कधी जात नसे. फुटाणे खाल्ले की ते रांजणापाशी जाऊन हात धूत, मगच कॅमेऱ्याजवळ येत. वाट पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला वाटे, मास्तर फार सोवळे आहेत. ते मीठ भिंगाला लागू नये म्हणून होतं.

त्यांना आपल्या नजरेचा मोठा अभिमान. दुकानाच्या पायरीवर बसून ते समोरच्या किराणा दुकानातल्या तराजूचा काटा वाचत आणि "अर्धा तोळा कमी हाय, शेठ," असं इथूनच ओरडत. गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या बायका त्यांच्याकडून सुया ओवून न्यायच्या. संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, मास्तर ओळीने दहा-दहा सुया ओवून देत. त्यांच्यात माझी आईही होती. वडील गेल्यावर ती कपडे शिवायची. सुया घेऊन मी जायची. एकदा माझ्या हातात आईने दिलेला भरतकामाचा कागद होता, त्यावर मी वेल काढली होती. मास्तरांनी तो उजेडाकडे धरला.

"हे तुमी काढलं?"

"हो."

"रबर किती डाव वापरलं?"

"नाही वापरलं."

"उद्यापासून येत जा," ते म्हणाले.

अशी मला नोकरी लागली. मी एकोणीस वर्षांची होते, मॅट्रिक झालेली. नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते आणि दुकानदार अजून आण्यांत बोलत होते. काम असं: फोटो काचेच्या प्लेटवर निघायचा, उलटा; म्हणजे काळं तिथे पांढरं आणि पांढरं तिथे काळं. चेहऱ्यावरची सुरकुती, डाग, डोळ्याखालची काळजी प्लेटवर पांढुरकी, पारदर्शक दिसायची. तिथे बारीक टोकाच्या पेन्सिलीने हलके ठिपके भरले की कागदावर ती गायब. एका चेहऱ्याला अर्धा तास लागे. मी कैक काकूंना दहा वर्षांनी लहान करून परत पाठवलं आहे आणि एकीनेही तक्रार केली नाही.

मास्तरांची तत्त्वं होती. पहिलं, एक माणूस, एक प्लेट. गिऱ्हाइकाने डोळे मिटले तरी दुसरी प्लेट नाही. "दुसऱ्या डावाला माणूस थो माणूस राहात नाई, फोटो काढाले बसलेला माणूस होते," असं म्हणत. दुसरं, पावडर चालणार नाही. आत पाण्याचा लोटा आणि पंचा ठेवलेला असे आणि नटून आलेल्या मुलीला ते आधी तोंड धुवायला पाठवत.

एकदा एक आई म्हणाली, "मास्तर, पोरीचा फोटो पाहुण्याईकडं पाठवाचा हाय. जराशीक पावडर राहू द्या नं."

"पाहुण्याईच्या घरी नांदाले पोरगी जाणार हाय का पावडर?"

"तुमाले पोरगी असती म्हंजे समजलं असतं."

"मले पोरगी असती तं मी तिले तोंड धुवाले शिकवलं असतं."

त्या बाईने मुलीचा हात धरला आणि पायरी उतरून गेली. अशी महिन्यातून दोन-तीन गिऱ्हाइकं जात. तरी दुकान चालायचं, कारण ज्या राहत, त्यांच्या चेहऱ्यांचं मी पेन्सिलीने भरून काढत होते.

मग ते भिंग आलं.

मास्तरांचे थोरले भाऊ गावी शेती बघायचे. दोघांची मिळून काळी, चांगली जमीन होती, पण पाणी नव्हतं. दोन वर्षांच्या कापसाचे पैसे बाजूला ठेवून विहीर खणायचं ठरलेलं होतं. त्यातला आपला अर्धा वाटा मास्तरांनी मागून घेतला. भावाला वाटलं, लहान्या शेवटी लग्नाला तयार झाला असेल. मास्तर नागपूरला गेले आणि एका साहेबाच्या सामानातून विकायला निघालेलं जर्मन भिंग घेऊन आले. पितळी नळीतलं, मुठीएवढं. बैलजोडी आली असती एवढ्यात, असं लोक म्हणत. बैलजोडी नाही, अर्धी विहीर आली असती.

त्या भिंगाची त्यांनी जी बडदास्त ठेवली ती त्यांनी स्वतःची कधी ठेवली नव्हती. सरकी काढलेल्या कापसात गुंडाळून ते लाकडी डब्यात असे. पावसाळ्यात दमटपणाने बुरशी येऊ नये म्हणून डब्यात चुन्याचे खडे. उन्हाळ्यात आतली काच जोडणारा डिंक वितळेल ह्या भीतीने डबा रांजणाच्या गार कोपऱ्यात, वर ओलं पोतं; आणि मास्तर स्वतः पत्र्याखाली घामाने निथळत बसलेले. संध्याकाळी दुकान बंद करताना कॅमेरा तिथेच राही, भिंग घरी जाई.

"बाई, आता पेन्सिल ठेवून द्या," त्यांनी मला सांगितलं. "आता चेहरा दुरुस्त कराचा नाई. जसा हाय तसा दिसते ह्यातून. मंग आपण काहून हात लावाव?"

खरंच तसा दिसायचा. जुन्या भिंगाने मधला भाग बरा यायचा आणि कडेला सगळं दुधासारखं पसरायचं. ह्याने चेहऱ्याची कातडी यायची. भुवईचा केस न् केस. कोटाची शिवण. मला काम करणाऱ्या बाईच्या नजरेने लगेच कळलं की असं काम अमरावतीत दुसरीकडे होत नाही, आणि हेही कळलं की ते कुणाला नको आहे. माणसं फोटो हातात घ्यायची, बघायची आणि कोपरा मुडपायची. "मास्तर, म्या येवढा म्हातारा झालो का?" असं एका वकिलाने विचारलं. मास्तर म्हणाले, "ते मले काय विचारता, तुमाले माहीत पायजे." वकील तेव्हापासून येईनात. मी लपूनछपून काही प्लेटांवर पेन्सिल फिरवली. एकदा त्यांनी पकडलं. रागावले नाहीत, ओल्या फडक्याने माझं अर्ध्या तासाचं काम पुसून टाकलं आणि पुन्हा छापायला सांगितलं.

ज्याला ते भिंग पटलं असं एक गिऱ्हाईक मला आठवतं. बडनेऱ्याला रेल्वेत लागलेला एक तरुण. बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन वर्ष झालेलं घर. तो आईला घेऊन आला होता. आई पांढरं लुगडं नेसलेली, जन्मात कधी फोटो काढलेला नाही. तिने पावडर लावली नव्हती, त्यामुळे मास्तर तिच्यावर आधीच खूश. फोटो घ्यायला दोघं आली तेव्हा ती बराच वेळ बघत राहिली. चेहऱ्याकडे नाही, मांडीवरच्या हातांकडे. कापसाच्या बोंडांच्या टोकांनी चिरलेली बोटं, नखांच्या कडा, सगळं आलं होतं.

"हे माहेच हात हायेत," ती मुलाला म्हणाली.

मुलाने मास्तरांना विचारलं, "जुन्या काचंतून हे आलं असतं का?"

"नाई."

"मंग वसूल झाले तुमचे पैशे," तो म्हणाला, आणि आणखी एक कॉपी सांगून गेला.

मास्तर हे पुढे महिनाभर येईल त्याला सांगत होते. मला मात्र वाटत होतं, असे वसूल करणारे वर्षात एक येणार आणि दुकान त्याच्यावर चालणार नाही.

इथपर्यंत मी बरोबर होते.

आता माझ्या फोटोचं. चार वर्षांची असताना मला देवी आल्या होत्या. चेहरा वणांनी भरलेला आहे. मला त्याची सवय आहे आणि तेव्हाही होती. सवय म्हणजे मी खिडकीकडे पाठ करून बसायची, एवढंच. एका सकाळी गिऱ्हाईक नव्हतं, मी प्लेट उजेडात धरून पाहत होते आणि मास्तर म्हणाले, हलू नका. त्यांनी डाव्या बाजूच्या उजेडात माझा फोटो काढला. आठवड्याने मी दुकानात आले तर तो मोठा करून, चौकट लावून, दर्शनी काचेच्या कपाटात टांगलेला. डावीकडच्या तिरप्या उजेडात एकेका वणाला आपली सावली होती. रस्त्याने येणारा-जाणारा थांबून बघत होता.

नळावर मला ऐकू जाईल अशा आवाजात एक बाई दुसरीला म्हणाली, "पोट्टीचा फोटो हाय का चाळणीचा?"

मी मास्तरांना म्हटलं, "तो फोटो काढून घ्या."

"काहून?"

"लोक पाहतात."

"दुकानात फोटो पाह्यासाठीच लावते, बाई."

"घरी माझ्या लग्नाचं बघून राहिले."

त्यांनी चामड्याचा तुकडा बाहेर काढला, पुन्हा खिशात ठेवला. "दोन वर्षांत ह्या भिंगातून कितीक चेहरे काढले म्या. एकच बराबर आला. थो काढून मी तिथं काय लावू?"

त्यांना माझी थट्टा करायची नव्हती. वण दिसत नव्हते असंही नाही. ते त्यांना दिसत होते आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हे मला तेव्हा समजलं नाही. समजलं असतं तरी नळावरच्या बायकांना मी ते कसं समजावणार होते? अकोल्याहून एक स्थळ आलं होतं. त्या लोकांनी पत्र पाठवून नको म्हणून कळवलं. कारण लिहिलं नव्हतं. फोटोमुळेच, असं आई म्हणाली. तसं नसेलही. पण त्या दिवसापासून मी दुकानात मागच्या दाराने यायला लागले.

त्या वर्षी पाऊस कमी झाला. थोरले भाऊ गावाहून आले, पागोटं काढून स्टुडिओतल्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "लहान्या, विहीर खणाव लागते. तुही काच विकून टाक."

"काच नाई, दादा. भिंग."

"काचेले काच नाई म्हणू तं काय म्हणू? मले एक सांग. जुनी काच, नवी काच. फोटोत फरक काय पडते?"

"जमीन-आसमानाचा."

"जमीन म्या पाह्यली हाय. आसमान दाखव."

मग थोरल्या भावांनीच तोड काढली. त्यांचाच फोटो काढायचा, एक जुन्या भिंगाने, एक नव्या. दोन्ही कागद समोर ठेवायचे. त्यांच्या डोळ्यांना फरक दिसला तर भिंग राहील, विहिरीचं ते बघतील. नाही दिसला तर भिंग विकायचं.

"आन तू प्लेटाईले हात लावाचा नाई," ते मास्तरांना म्हणाले. "फोटो तू काढ. धुतील बाई, छापतील बाई. बाई खोटं करणार नाई."

मास्तर हसले. त्यांना कसलीच चिंता नव्हती. त्या दिवशी त्यांनी भावाला तोंड धुवायला लावलं, कॅमेऱ्याच्या मागच्या घासलेल्या काचेवर मन लावून फोकस केला, एक प्लेट काढली, भिंग बदललं, दुसरी काढली. दोन्ही प्लेटा माझ्या हातात देऊन दोघं भाऊ जेवायला गेले.

मी अंधाऱ्या खोलीत प्लेटा धुतल्या. जर्मन भिंगाची प्लेट उत्तम होती. भावांच्या मिशीचा एकेक केस वेगळा, गालावर बैलाचं शिंग लागलेली जुनी खूण, तिची कडसुद्धा. लहान मुलालाही फरक कळला असता.

छापताना काचेची प्लेट आणि कागद एकमेकांना घट्ट चिकटवून वरून उजेड द्यायचा असतो. दोघांच्या मध्ये काही पातळ, पारदर्शक ठेवलं तर कडा पसरतात, सगळं जरा दुधाळ येतं. दवाखान्यातून आणलेल्या जुन्या एक्स-रे फिल्मा आमच्याकडे असत. त्यांच्यावरचा काळा थर कोमट पाण्याने खरवडला की खाली स्वच्छ पान राहतं. असं एक पान मी जर्मन प्लेटच्या खाली घातलं आणि उजेड देताना दिवा जरा हलवला. पहिल्या खेपेला कमी झालं. दुसऱ्या खेपेला जास्त झालं, जुन्या भिंगापेक्षाही धूसर. तो दुसरा कागद मी ठेवला.

मी हे का केलं, त्याची कारणं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगत आले. त्या भिंगाने गिऱ्हाइकं पळत होती. दुकान बसलं असतं तर माझी नोकरी गेली असती आणि माझे दोन भाऊ शाळेत होते. विहीर खरोखर हवी होती. ही दोन्ही कारणं खरी आहेत. पण पान घालताना माझ्या डोळ्यांपुढे विहीर नव्हती आणि भाऊही नव्हते. दर्शनी कपाट होतं.

कागद वाळले. मागे मी पेन्सिलीने एक आणि दोन लिहिलं. एक म्हणजे जुनं भिंग, दोन म्हणजे जर्मन. टेबलावर मांडले.

थोरल्या भावांनी ह्याच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "मले तं दोन्हीत मीच दिसून राह्यलो," ते म्हणाले.

मास्तरांनी दोन्ही कागद उचलले आणि दारात उजेडाला गेले. तिथे ते इतका वेळ उभे राहिले की भावांनी विडी काढली, ओढली आणि विझवली. मग मास्तरांनी खिशातून पाहायचं भिंग काढलं आणि त्यातून पाहिलं. मला वाटत होतं, आता ते म्हणतील, हे भिंगच फसवं निघालं, नागपूरच्या साहेबाने गंडवलं. तेवढीच माझी तयारी होती.

"हा नव्याचा," ते शेवटी म्हणाले आणि एक कागद माझ्याकडे दिला. "उलटवा, बाई."

मी उलटवला. मागे 'एक' हा आकडा होता, जुन्या भिंगाचा.

त्यांनी तो आकडा पाहिला. नंतर माझ्याकडे पाहून अगदी साध्या आवाजात विचारलं, "बाई, तुमी नीट छापलं नं?"

"हो, मास्तर," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. संशय नव्हता, कामाचा भाग म्हणून विचारलं होतं. मग ते भावाकडे वळले. "दादा, भिंगाचा दोष नाई. असं भिंग असं काढतच नाई. माहा फोकस चुकला. मले घासलेल्या काचेवर बराबर दिसला, आन थो बराबर नव्हता. म्हंजे माही नजर गेली."

"अबे, एखांद्या डाव चुकते माणूस," भाऊ म्हणाले. त्यांनाही ते आवडलं नव्हतं. "आखीन एक काढ. मी बसतो."

"नाई. एक माणूस, एक प्लेट. भिंगं दोन होती म्हणून दोन झाल्या."

"मी माणूस कुठं हाओ, मी तुहा भाऊ हाओ. काढ."

"दादा, चुकली हे मलेच समजलं नाई. मंग पुढच्या वेळी तरी कसं समजणार? नजर नाई तं भिंग काय कराचं? विहीर खणा."

मी टेबलापाशी उभी होते. जर्मन प्लेट माझ्या मागे रॅकवर वाळत होती. ती उचलून उजेडात धरली असती की झालं असतं. त्यांनी मागितली असती तर मी दिली असती, असं मी त्या वेळी मनाशी ठरवलं. त्यांनी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्याने नाही. बाईंनी नीट छापलं म्हटल्यावर त्यांच्यापुरता तो विषय संपला होता. नवव्या दिवशी ती प्लेट मी मागच्या नालीवर आपटून फोडली.

मुंबईचं एक गिऱ्हाईक मिळालं. गाडी बडनेऱ्याला थांबली तेवढ्यात मास्तरांनी खिडकीतून डबा त्याच्या हाती दिला आणि चुन्याचे खडे पावसाळ्याआधी बदलायचे, हे गाडी हलेपर्यंत त्याला सांगत राहिले. परत आल्यावर त्यांनी दर्शनी कपाटातून माझा फोटो काढला आणि कागदात गुंडाळून मला दिला. "हा तुमचा. आता असा निघणार नाई." मी तो घरी नेऊन बंबात घातला. तरुणपणीचा माझा दुसरा फोटो नाही. माझी मुलगी विचारते, तू कशी दिसायचीस, तेव्हा मी आरसा दाखवते.

पुढचं सगळं मला हवं तसंच झालं. गिऱ्हाइकं परत आली, वकीलसुद्धा. पावडर चालायला लागली. मास्तर मला म्हणाले, पेन्सिल काढा, आणि मी काढली. विहिरीला चांगलं पाणी लागलं. भावांनी पहिल्या हंगामात पोतंभर वांगी आणून दुकानात ओतली. "घे, तुह्या काचेची वांगी," ते म्हणाले. मास्तरांनी ती गल्लीत वाटली. आमच्याही घरी आली. भाजी चांगली झाली होती.

फक्त एक झालं. मास्तरांनी सुया ओवणं बंद केलं. बायका आल्या की म्हणत, "मले दिसत नाई आता, बाईकडून घ्या." आणि मग मी ओवून देई. समोरच्या शेठचा काटाही ते बघेनात. रस्ता ओलांडताना थांबायला लागले. डॉक्टरांकडे जा, असं मी म्हटलं नाही. डॉक्टर म्हणाले असते, डोळे उत्तम आहेत.

मला चोविसाव्या वर्षी अकोल्याचं स्थळ मिळालं. आधीचं नव्हे, दुसरं. नवरा मास्तर होता, शाळेतला. त्याने फोटो मागितलाच नाही, घरी येऊन बघून गेला. आम्ही जुन्या शहरात, मोर्णा नदीपलीकडे राहायला लागलो. मी घरी बसून स्टुडिओंचं पेन्सिलकाम घ्यायची. अमरावतीचं दुकान बंद झाल्याचं कळलं. का, ते मी विचारलं नाही.

मुलगी पाचवीत गेली त्या वर्षी स्कॉलरशिपच्या फॉर्मासाठी तिचा फोटो हवा होता. कचेरीजवळ फॉर्मांचे फोटो काढणारे दोन-तीन जण पडदा लावून बसत. शेजारीण म्हणाली, "त्या आंधळ्या मास्तरकडून काढा, थो स्वस्तात देते." अकोल्यात आंधळे मास्तर कितीतरी असतील, असं समजून मी गेले.

काळा कोट तोच होता. जुना कॅमेरा, जुनं भिंग. आठ-दहा माणसं रांगेत होती आणि मास्तर एकाला खुर्चीत बसवून दुसऱ्याला बोलावत होते. "तुमी या जरा. ह्या कापडात डोकं घाला. मिशी साफ दिसते का?" तो माणूस डोकं घालून बाहेर आला आणि रांगेकडे बघून डोळा मिचकावत म्हणाला, "मिशी तं दिसते मास्तर, माणूस नाई दिसत." रांग हसली. मास्तर गंभीरपणे म्हणाले, "मस्करी करू नका. माहा फोकस एका वेळी चुकला हाय." मग त्यांनी तिसऱ्याला बोलावलं आणि त्यालाही पाहायला लावलं.

त्यांनी मला ओळखलं. फार आनंद झाला त्यांना. "आता काम झालं," ते रांगेला म्हणाले. "ह्या आमच्या बाई. ह्याईची नजर म्हंजे नजर."

मुलगी खुर्चीत बसली. त्यांनी काळ्या कापडात डोकं घातलं, स्क्रू फिरवला, बाहेर आले. "पाहा, बाई."

मी डोकं आत घातलं. घासलेल्या काचेवर मुलगी उलटी दिसत होती, खाली डोकं, वर पाय. पापण्यांचे केस मोजता आले असते. त्या जुन्या भिंगातून त्याहून चांगलं काढता येणं शक्य नव्हतं. स्क्रूला बोट लावायची गरज नव्हती.

मी बाहेर आले. "मास्तर, तुमची नजर चांगली आहे," मी म्हटलं. "तेव्हाही चांगली होती."

"मन राखून राह्यल्या माहं," ते म्हणाले. "तुमी पह्यल्यापासूनच तशा."

पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं. रांगेत माणसं उभी होती, मुलगी खुर्चीत ताठ बसून माझ्याकडे बघत होती, कचेरीची वेळ होत आली होती. ही कारणंही खरी आहेत.

"बराबर हाय का ते सांगा नं," ते म्हणाले.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

त्यांनी फोटो काढला. मग म्हणाले, घाई नसेल तर जरा थांबता का, ह्या लोकांचे होईपर्यंत. लोक मस्करी करतात, खरं सांगत नाहीत. मी मुलीला सावलीत बसवलं आणि थांबले. एकेक माणूस खुर्चीत बसायचा, मास्तर फोकस करायचे, मी डोकं घालून पाहायची. एक शेतकरी, दोन विद्यार्थी, एक म्हातारी, एक शिपाई, मग आणखी काही. बारा वाजेपर्यंत त्यांचा फोकस एकदाही चुकला नाही, आणि दर वेळी ते माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे, मी "बरोबर आहे" म्हणेपर्यंत.